गोचीड कुत्र्यावर थोडी, भिंतीत ढीगभर

(जनावरांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरं)

होळी झाली की दरवर्षी हेच होतं, ऊन वाढायला लागतं आणि प्रश्नांमध्ये गोचिडी वाढायला लागतात. या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून आलेल्यातले बहुतेक प्रश्न गोचिडीचेच आहेत, आणि विशेष म्हणजे कारवानी, पश्मी, मुधोळ अशी शिकारी जातीची कुत्री पाळणाऱ्यांचे जास्त आहेत, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आमच्याकडं आजोबांच्या काळापासून कारवानी कुत्री आहेत. आता दोन नर आणि एक मादी आहे, रात्री रानात राखणीला असतात डुकरं येतात म्हणून, दिवसा घरी ओसरीत. गोचीड इतकी झालीय की संध्याकाळी बसून वेचतो तर वाटीभर निघतात आणि सकाळी परत तेवढ्याच. पावडर झाली, औषध लावून झालं, दोनदा धुऊन झाली. आता तर भिंतीवर चढताना दिसतायत, काल आईच्या उशीवर एक सापडली. घरचे म्हणतात कुत्री कायमची रानात बांध नाहीतर देऊन टाक. काय करू? – एक वाचक, औसा तालुका

दादा, पहिलं सांगतो, कुत्री देऊन टाकू नका आणि घरातून हलवू पण नका, निदान आत्ता तरी नको. का ते ऐका. तुम्ही सांगताय ती भिंतीवर चढणारी तपकिरी गोचीड म्हणजे कुत्र्याची गोचीड, बैलाच्या अंगावरची बहुधा वेगळ्या जातीची असते. हिला आयुष्यात तीनदा रक्त लागतं आणि तिन्ही वेळा तिला कुत्रंच आवडतं, पण दोन जेवणांच्या मधला सगळा काळ ती कुत्र्यावर नसते, ती तुमच्या घरात असते. अंड्यातून निघते तेव्हा सहा पायांची आणि खसखशीच्या दाण्याएवढी, डोळ्याला दिसत पण नाही नीट. रक्त पिते, खाली पडते, फटीत जाते, कात टाकून आठ पायांची होते, परत कुत्रं शोधते, परत पडते, परत फटीत. शेवटी मादी पोटभर पिऊन एरंडीच्या बीसारखी राखाडी टम्म होते, पडते, भिंत चढते आणि फटीत बसून अंडी घालते. दीड हजार, दोन हजार, कधी कधी चार हजारापर्यंत. एक मादी हं. अंडी घातली की ती मरते, तिचं काम झालेलं असतं.

म्हणजे तुम्ही रोज वाटीभर वेचताय ते खरंय, कष्ट आहेतच त्यात, पण भिंतीत पोती भरलेली आहेत आणि तुम्ही तोंडाशी सांडलेले दाणे वेचताय. आता अशा वेळी कुत्री घरातून नेली तर काय होईल? भिंतीतल्या उपाशी गोचिडींना कुत्रं मिळणार नाही आणि त्या माणसाकडं वळतील. आईच्या उशीवर आज एक सापडलीय, मग रोज सापडतील. आणि वाट बघण्यात ही जात लई चिवट आहे, मोठी गोचीड काही न खाता कित्येक महिने, वर्षभरसुद्धा तग धरते, त्यामुळं "दोन महिने कुत्री नसली की आपोआप मरतील" हा हिशोब चुकतो.

उलट कुत्र्यालाच सापळा करा. हल्ली ज्या गोळ्या मिळतात, महिन्याची अफॉक्सोलेनर आणि तीन महिन्यांची फ्लुरालेनर, ती दिलेल्या कुत्र्याचं रक्त प्यायलं की गोचीड मरते. म्हणजे भिंतीतून जी जी बाहेर येऊन कुत्र्याला चावेल ती ती संपली, अंडी घालायला परत भिंतीत जाणारच नाही. पण तिन्ही कुत्र्यांना एकाच दिवशी द्यायची, एकाला दिली आणि दोघं तशीच ठेवली तर पैसे पाण्यात. वजन करून घ्या, कारवानी उंच दिसतो पण अंगात मांस कमी, अंदाजानं तीस किलो म्हणाल आणि भरेल बावीस-तेवीस. फ्लुरालेनरची गोळी जेवणासोबत द्या, ती उपाशीपोटी नीट लागू पडत नाही. एखाद्या कुत्र्याला आधी फिट आलेली असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा, अशा कुत्र्यांना त्यानं परत झटके येऊ शकतात.

आता घर. मी एकदा निलंगा भागात एका घरी गेलो होतो, असंच, तीन कुत्री आणि वैतागलेली माणसं. मालक म्हणाले फरशी फिनेलनं रोज पुसतो, गोचीड कुठून येते कळत नाही. ओसरीत भिंतीला एक लाकडी खुंटी होती, तिला कुत्र्याची साखळी अडकवायचे. मी खुंटी हलवली, ती ढिली होती, ओढून काढली तर आतल्या भोकात गोचिडी एकावर एक अशा बसलेल्या, मधी तपकिरी चकचकीत अंड्यांचा गोळा, साबुदाण्याचा लगदा वाळावा तसा. खिशातल्या चाकूनं खरवडलं तर तळहातभर निघालं एका भोकातून. फिनेल फरशीवर पडत होतं आणि गोचीड होती छातीच्या उंचीवर. त्यामुळं दादा, खाली बघू नका, वर बघा. ही जात चढणारी आहे. चौकटीच्या मागं, फोटोच्या फ्रेममागं, खाटेच्या सुतळीच्या गाठींत, पत्र्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात, कॅलेंडरच्या मागं, कुत्र्याच्या गोणपाटाखाली. फटी खरवडायच्या, निघेल ते साबणाच्या पाण्यात बुडवायचं नाहीतर जाळायचं, मग सिमेंट नाहीतर चुन्यानं फट बुजवायची. बुजवलेली फट हे सगळ्यात टिकाऊ औषध आहे, त्याचा डोस संपत नाही. गोणपाट जाळून टाका, नवीन द्या आणि आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा.

भिंतीवर फवारायला डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळणारं, लेबलवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून. फवारताना पोरं, कुत्री, कोंबड्या, पाण्याचे माठ सगळं बाहेर, वाळल्याशिवाय कुणी आत नाही. घरात मांजर असेल तर जास्तच जपायचं, हा औषधांचा प्रकार मांजराला फार बाधतो. एकदा फवारून भागत नाही कारण अंडी त्यानं मरत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडली की परत, आणि मग अजून एकदा. गोठ्यात दगडी भिंत असेल तर फ्लेमगननं फटी भाजतात, ते चांगलं लागू पडतं पण कडबा जवळ असेल तर अजिबात नको.

हे सगळं तीन महिने चालणार, मधी सोडू नका. पहिले तीन-चार आठवडे गोचिडी दिसतच राहतील, त्यात बरेच जण कंटाळतात आणि औषध बोगस म्हणून सोडून देतात. आईंना म्हणावं खाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका.

प्रश्न : कुत्र्याला गोळी देऊन चार दिवस झाले तरी कानात दोन गोचिडी दिसल्या. डुप्लिकेट गोळी दिली का? – कर्जत, जि. अहिल्यानगर

तसं नसावं. या गोळीनं गोचीड लांब पळत नाही, ती चिकटते, पिते आणि मग मरते, त्याला एक-दोन दिवस जातात. कानातल्या दोन्ही काढून बघा, वाळक्या आणि पाय न हलवणाऱ्या असतील तर गोळी काम करतेय. टम्म फुगलेल्या जिवंत सापडायला लागल्या तर मात्र वजनाचा डोस चुकलाय किंवा कुत्र्यानं गोळी नंतर ओकून टाकलीय, डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : आमच्या इथं सगळे कापसावरचं नाहीतर उसावरचं औषध पाण्यात टाकून कुत्र्याला त्यानं धुतात. स्वस्त पडतं आणि गोचीड तासाभरात गळते. माझ्या पश्मीला धुतलं तर संध्याकाळपासून लाळ गाळतोय आणि मागचे पाय थरथरतायत. – गेवराई

हे वाचत बसू नका, हा प्रश्न माझ्याकडं आला त्याच दिवशी फोनवर सांगितलंय, पण बाकीच्यांसाठी छापतो. आधी साबणाच्या भरपूर पाण्यानं कुत्रं धुऊन काढायचं, स्वतः हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालून, पश्मीच्या कानाच्या आणि शेपटीच्या लांब केसांत औषध मुरून बसतं तिथं जास्त. अंग चाटू द्यायचं नाही. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना. दूध, तूप, ताक पाजत बसायचं नाही. फॉस्फरसवालं औषध असेल तर त्याला ॲट्रोपीनचं इंजेक्शन आहे, वेळेत मिळालं तर कुत्रं वाचतं, उशीर झाला तर श्वास अडकून जातं. पश्मी वाचला, पण दोन रात्री सलाईनवर होता आणि मालक शेजारी गोधडी टाकून बसलेले.

मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. पिकावरचं औषध कापसाच्या पानासाठी केलेलं असतं, कातडीसाठी नाही. ते कातडीतून आत जातं, कुत्रं अंग चाटतं तेव्हा पोटात जातं, आणि धुणारा माणूस उघड्या हातानं ते चोळतो तेव्हा त्याच्याही अंगात जातं. या शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, कातडी पातळ, केस आखूड, त्यामुळं काही औषधं त्यांना इतर कुत्र्यांपेक्षा जड जातात, भुलीच्या औषधांचं तर हे सगळ्या पशुवैद्यकांना माहीतच आहे. रॉकेल, जळकं इंजिन ऑइल, तंबाखूचं पाणी, हे पण त्याच यादीत. बैलाचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं टोचणारे पण आहेत, त्यात कुत्रं आंधळं होऊन, झटके येऊन पडलेलं मी पाहिलंय. लसूण खाऊ घातला की गोचीड लागत नाही असं कुणी सांगितलं तर तेही नको, कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कडुनिंबाचं तेल, करंजाचं तेल थोडं लावलं तर बिघडत नाही, चाटू नये एवढं बघायचं, पण एवढ्या मोठ्या लढाईला ते पुरं पडत नाही.

प्रश्न : माझी कारवानी मादी पाच वर्षांची. आठ दिवस झाले मलूल आहे, भाकरीला तोंड लावत नाही, पळताना मागं राहते. परवापासून एका नाकपुडीतून थेंब थेंब रक्त येतंय. गावात म्हणतात घोळणा फुटलाय, ऊन लागलं, नाकात दूर्वांचा रस घाला. अंगावर गोचिडी होत्या पण महिन्यापूर्वीच सगळ्या काढल्यात. – जत, सांगली

ताई, हा घोळणा नाही. गोचीड महिन्यापूर्वी काढली पण ती जाताना ताप ठेवून गेली असणार. डॉक्टर लोक त्याला एर्लिकिया म्हणतात, आपल्याकडं टिक फिव्हर नावानं सगळ्यांना माहीत आहे. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी लक्षणं येतात म्हणून माणसाला गोचीड आणि आजार यांचा संबंधच लागत नाही. यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, आपल्याकडं डेंगीत होतात तशा, आणि मग नाकातून रक्त, हिरड्यांवर आणि पोटाच्या कातडीवर लाल ठिपके.

आत्ताच्या आत्ता एक करा, तिचा ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी कुत्र्याची गुलाबी असते, बोटानं दाबली की पांढरी होते आणि सोडली की लगेच परत गुलाबी. पांढरट फटक असेल तर उद्यावर टाकू नका. लघवीचा रंग पण बघा, काळ्या चहासारखी असेल तर एर्लिकियासोबत बॅबेसिया असू शकतो, त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि त्याचं औषध वेगळं आहे. दोन्ही एकाच वेळी असणं आपल्याकडं काही नवल नाही, एकच गोचीड दोन-दोन आजार घेऊन फिरते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका, आणि फक्त प्लेटलेटचा आकडा घेऊन परत येऊ नका, काचेवर रक्ताचा थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, साधारण चार आठवडे. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं उठून भाकरी खायला लागतं आणि तिथंच निम्मे लोक गोळ्या बंद करतात. तसं करू नका. अर्धवट सोडलेला आजार हाडांतल्या मज्जेत दडून बसतो आणि काही महिन्यांनी, वर्षांनी परत येतो, तेव्हा त्याला उतार मिळणं फार अवघड जातं. गोळी भाकरीच्या तुकड्यात द्या आणि वर पाणी पाजा, कोरडी गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. दुधातून नको, दुधानं या गोळीचा गुण कमी होतो. आणि माणसाची कुठलीच दुखण्याची गोळी नको, आधीच रक्त वाहतंय, त्यात ती अजून भर घालेल.

पळवायचं तर नावच काढू नका महिना-दीड महिना. या जातीचं कुत्रं आजारी असताना पण ससा दिसला की सुटतं, ते त्याच्या रक्तातच आहे, म्हणून बांधूनच ठेवा. माझ्याकडं एक नर असाच आला होता, औषध सुरू होऊन दहा दिवस झालेले, बरा दिसायला लागला म्हणून मालकानं मोकळा सोडला, पायाच्या गादीला काच लागली एवढीशी आणि ती जखम रात्रभर वाहत राहिली, सकाळपर्यंत चार पट्ट्या भिजल्या. प्लेटलेट भरल्या नव्हत्या ना.

प्रश्न : डॉक्टरकाका, आमचं मेंढरांचं खांड आहे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडावर परत. चार कुत्री, एक घोडं, कोंबड्या सगळं बरोबर. आम्हाला भिंतच नाही तर आम्ही काय बुजवायचं? तीन महिन्यांची गोळी चार कुत्र्यांना परवडत नाही. मी बारावीला आहे, वडलांना वाचून दाखवते. – फलटण तालुका

बाळ, तुझं पत्र वाचून बरं वाटलं, भिंत नाही हा तुमचा फायदाच आहे. तुमचा वाडा दर दोन-चार दिवसांनी हलतो, त्यामुळं पडलेल्या गोचिडीची पिल्लं बाहेर येईपर्यंत तुम्ही पुढच्या गावात असता. तुमच्याकडं गोचीड बसते ती सामानात. घोड्यावर लादायची वाकळ, जाळीचे दोर, कोंबड्यांची डालगी, कुत्र्याचा पट्टा. आठवड्याला एकदा हे सगळं भर उन्हात पसरायचं, झटकायचं, वाकळीच्या शिवणी बोटानं चाचपायच्या.

औषध म्हणशील तर अमिट्राझचं धुणं स्वस्त पडतं. पण मापात. सिरिंजनं मोजायचं, बुचानं नाही, कुत्र्याचं आणि मेंढराचं प्रमाण वेगळं असतं ते लेबलवर बघायचं किंवा पशुधन अधिकाऱ्यांना विचारून कागदावर लिहून घ्यायचं. जखम असलेल्या, आजारी, गाभण कुत्रीला आणि लहान पिल्लांना नको. आणि हे वडलांना दोनदा वाचून दाखव, घोड्याला अमिट्राझ लावायचं नाही. त्यानं घोड्याची आतडी सुस्त पडतात आणि पोटदुखीनं घोडं जातं. कुत्री धुतल्यावर तेच पाणी घोड्यावर ओतलं असं होतं लोकांकडून, माझ्या पाहण्यात आहे. उरलेलं पाणी ओढ्यात पण नको ओतू, मासे मरतात, खड्डा करून मातीत.

रोज संध्याकाळी मेंढरं बसली की एकेक कुत्रं मांडीपाशी घेऊन हात फिरवायचा, कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात. बेचक्यात विसरतात लोक आणि तिथंच सगळ्यात जास्त असतात. चार कुत्र्यांना पंधरा मिनिटं लागतील. कोकणात उतरल्यावर तर चुकवूच नका, का ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : आमच्याकडे काजूच्या हंगामात माकडतापाची भीती असते. घरात दोन कुत्रे आहेत, ते बागेत माझ्या मागून येतात. वाडीतले काही जण रात्रीचे कुत्रे घेऊन डुकराच्या शिकारीला जंगलात जातात, तेच कुत्रे सकाळी आमच्या अंगणात. कुत्र्यामुळे माकडताप होतो का? – दोडामार्ग

कुत्रं या तापाचं मूळ नाही, पण गोचीड वाहून आणणारी गाडी आहे. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ ला तुमच्या दोडामार्गात त्याची साथ आली हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. तो पसरवते जंगलातली गोचीड, हीमाफायसॅलिस जातीची, औशाच्या प्रश्नातली भिंतीवरची नव्हे. हिची मधल्या वयाची पिल्लं, तिळाएवढी, डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत पाल्यापाचोळ्यात वाट बघत असतात, आणि नेमका तोच तुमचा काजूचा हंगाम. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आजूबाजूला पसरतात, म्हणून मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, कुत्र्याला तर मुळीच जाऊ द्यायचं नाही, आणि लगेच आरोग्य केंद्राला नाहीतर वन खात्याला कळवायचं.

तर घरासाठी काय, कुत्रा बागेतून आला की ओटीवर चढायच्या आधी अंगणात थांबवायचा आणि तपासायचा, रात्री अंथरुणाजवळ नाही. त्याची गोळी किंवा गोचिडीचा औषधी पट्टा डिसेंबरच्या आधी सुरू झालेला पाहिजे, पट्टा घालाल तर दोन बोटं आत जातील इतका सैल. पण गोळीनं गोचीड मरायला एक-दोन दिवस लागतात हे वर सांगितलंय, तोवर ती कुत्र्यावरून उतरून माणसावर जाऊ शकते, म्हणजे गोळी दिली म्हणून हातानं तपासणं सोडायचं नाही. गुरांखाली घालायला जंगलातला पातेरा आणता ना, त्याबरोबर पण गोचिडी घरी येतात, त्या महिन्यांत तो बंद ठेवता आला तर बघा. बागेत जाताना आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचीड लांब ठेवणारं डेपा तेल हातापायाला लावायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर कपडे खुंटीला न अडकवता थेट गरम पाण्यात.

एकदम चढलेला ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, उलटी-जुलाब, हिरड्यांतून रक्त, यातलं काही झालं तर घरी काढे करत बसू नका, आरोग्य केंद्रात जाऊन बागेत गेलो होतो हे आपणहून सांगा. या तापावर नेमकं औषध नाही, पण वेळेत सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक माणसं वाचतात. ताप उतरून आठवड्यानं परत चढला तर तेही अंगावर काढायचं नाही.

आणि शिकारीचं. वाडीतल्यांना दुखवायचं नाही म्हणून तुम्ही हळूच लिहिलंय ते कळलं मला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, पिकाची नुकसानी होत असेल तर वन खात्याकडं भरपाईचा अर्ज करता येतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी बघा, रात्रभर जंगलातल्या झाडोऱ्यात घुसलेलं कुत्रं सकाळी ज्या अंगणात लोळतं तिथं पोरं खेळतात. हे त्यांना शांतपणे सांगा, कायद्यापेक्षा हे लवकर पटतं असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : घरात कुत्र्याची गोचीड आहे आणि मुलाला पाच दिवस ताप, आता तळहातावर-तळपायावर लाल पुरळ आलंय. डॉक्टर व्हायरल म्हणाले. संबंध असेल का? – नागपूर

असू शकतो. घरातल्या तपकिरी गोचिडीमुळं माणसाला टिक टायफस होतो, त्यात हाता-पायांवर, तळव्यांवर पण पुरळ येतं. आजच डॉक्टरांकडं परत जा आणि घरात गोचीड आहे हे स्पष्ट सांगा, हे सांगितल्याशिवाय त्यांना तरी कसं सुचणार. उपचार आहे आणि वेळेत दिला तर लवकर गुण येतो. तुमच्या भागात स्क्रब टायफस पण होतो, तो गोचिडीचा नाही, झुडपातल्या बारीक किड्याचा, त्याचं पण विचारून घ्या.

प्रश्न : मुलगी पेनसिल्व्हेनियात असते, जावई मित्रांसोबत रीतसर लायसन्स काढून शिकारीला जातात, त्यांचा बीगल बरोबर असतो आणि तो नातवाच्या पलंगावर झोपतो. तिथल्या गोचिडीनं लाइम नावाचा आजार होतो म्हणे. काळजी वाटते. – पुणे

काका, काळजी बरोबर आहे, लाइम तिकडं भरपूर आहे. तिथली काळ्या पायांची गोचीड आपल्या घरातल्यासारखी भिंतीत राहत नाही, ती पाचोळ्यात आणि उंच गवतात असते, म्हणजे तिकडचं काम दारातच संपतं. लाइमचा जंतू अंगात जायला गोचीड साधारण दिवसभर किंवा जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी कुत्रं आणि माणूस दोघांना नीट तपासलं तर अर्धी लढाई जिंकली. बीगलच्या लोंबत्या कानांच्या आत बघायला सांगा. कुत्र्याला लाइमची लस तिथं मिळते, गोचिडीची गोळी वर्षभर सुरू ठेवायची, हिवाळ्यात पण, कारण ती गोचीड थोडं ऊन पडलं की थंडीतही फिरते. शिकारीचे कपडे ड्रायरमध्ये जास्त तापमानाला फिरवले की त्यातल्या गोचिडी मरतात. नातवाच्या अंगावर मोठी होत जाणारी गोल लाल चकती दिसली तर डॉक्टर. आणि नातू लहान आहे तोवर बीगलला स्वतःचं अंथरूण करून द्या म्हणावं.

प्रश्न : गोचीड काढायची कशी? आम्ही काडी पेटवून चटका देतो. – बऱ्याच वाचकांचा

चटका, रॉकेल, नेलपॉलिश काहीच नको, त्यानं ती सुटायच्या आधी पोटातलं सगळं जखमेत ओकते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, फुगलेल्या पोटाला न धरता कातडीला अगदी लागून तोंडाशी धरा आणि न पिळता सरळ वर ओढा, एक दोन सेकंद सावकाश, ती सुटते. बारीक तुकडा आत राहिला तर उकरू नका, तो आपोआप बाहेर पडतो. काढलेली स्पिरिट किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. नखांवर चिरडायची सवय सोडा, ते टचकन फुटणारं रक्त बोटाच्या चिरेतून आत जातं आणि क्रिमियन-काँगोसारखा ताप, जो २०११ साली गुजरातमध्ये निघाला, तो असाही होऊ शकतो. पोराच्या कानात गेली असेल तर घरी काहीही घालू नका, कानाच्या डॉक्टरांकडंच.

प्रश्न : मादी व्याली आहे, सात पिल्लं, वीस दिवसांची. पिल्लांवर गोचिडी आहेत. कुठलं औषध? – उदगीर

पिल्लांना कुठलंच नाही. आठ आठवड्यांच्या आत गोळी नाही, धुणं नाही, पावडर नाही. बारीक दातांची फणी आणि चिमटा घेऊन दिवसातून दोनदा हातानं काढा, एवढ्याशा जिवाच्या अंगावरच्या वीस-पंचवीस गोचिडी पण त्याला पांढरंफटक करायला पुरतात. मादीला दूध पाजताना चालेल अशी गोळी डॉक्टरांकडून वजनावर लिहून घ्या. पिल्लांची जागा आजच बदला, भिंतीपासून लांब, नवीन धुतलेली पोती, आणि जुनी जागा खरवडून, बुजवून मगच फवारा. सातातलं एखादं दूध ओढायला मागं राहतंय, हिरडी फिकी दिसतेय असं वाटलं तर त्या एकाला घेऊन लगेच दवाखान्यात जा, बाकीची सहा आईपाशी राहू द्या.